नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये गाजलेल्या नव्या पॉप कलाकारांची क्रमवारी कशी लावायची?

ब्रिटिश सिंगल्स चार्टवर, म्हणजे सुट्या विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या साप्ताहिक यादीत, १९९० ते १९९९ या काळात टेक दॅट या मुलांच्या गटाची आठ गाणी पहिल्या क्रमांकावर गेली आणि सगळी मिळून २१ आठवडे तिथे राहिली. मुलींच्या स्पाइस गर्ल्सची? आठच गाणी, आणि आठवडेही बरोबर २१. त्यामुळे या दोघांत मोठं कोण, हा वाद ‘कोणाची किती गाणी नंबर वन झाली’ एवढं विचारून मिटत नाही. तरी बहुतेक याद्या तेवढंच विचारतात, आणि मग करणाऱ्याला जो गट आवडतो तो वर जातो.

दशकातल्या यशस्वी नव्या कलाकारांची यादी आवडीनिवडीपलीकडे जाऊन करायची असेल, तर आधी नियम लिहायचे आणि मग आकडे उघडायचे. हा क्रम उलटा झाला की नियम आपसूक लाडक्याच्या बाजूला झुकतात. पुढे उदाहरणासाठी ब्रिटन आणि नव्वदचं दशक घेतलं आहे. तिथला साप्ताहिक चार्ट सलग मिळतो, तो फुकट पाहता येतो, आणि त्या दशकात नव्या गटांची रेलचेल होती.

आधी चार नियम कागदावर

पहिला नियम जागेचा. ‘ब्रिटिश कलाकार’ की ‘ब्रिटनमध्ये यशस्वी झालेले कलाकार’? दोन्ही याद्या रास्त आहेत, पण वेगळ्या आहेत. दुसरी घेतली तर आयर्लंडचे बॉयझोन, वेस्टलाइफ आणि बीविच्ड आत येतात, डेन्मार्कची विगफील्ड येते, अमेरिकेची ब्रिटनी स्पिअर्सही येते. मी दुसरी घेतो, कारण चार्ट विक्री मोजतो, पासपोर्ट पाहत नाही.

दुसरा नियम काळाचा. १ जानेवारी १९९० ते ३१ डिसेंबर १९९९. सोपं वाटतं, पण कडेला गुंता होतोच. वेस्टलाइफचं चौथं नंबर वन १९९९ च्या नाताळात आलं आणि नवं वर्ष लागलं तरी वरच होतं. ते गाणं दशकातलं धरायचं, पण २००० मधले त्याचे आठवडे सोडून द्यायचे. स्पाइस गर्ल्सचं नववं नंबर वन २००० सालचं, म्हणून वर आठच मोजली. ऑल सेंट्सची एकूण पाच, त्यांतली दोन २००० मधली. त्यांच्या चाहत्यांना हे खटकेल, पण रेघ कुठेतरी ओढावीच लागते.

तिसरा नियम, आणि भांडणं सर्वांत जास्त इथेच: ‘नवा’ कोण? पल्पचंच घ्या. ब्रिटनमधल्या सामान्य श्रोत्याला हा बँड १९९५ च्या सुमारास कळला, म्हणून बहुतेकांच्या डोक्यात तो नव्वदचाच. पण शेफील्डमध्ये तो सुरू झाला १९७८ मध्ये आणि पहिला अल्बम आला १९८३ मध्ये. ‘पहिली ध्वनिमुद्रिका त्या दशकात’ असा नियम केला की पल्प बाहेर. ‘पहिलं टॉप टेन गाणं त्या दशकात’ असा केला की आत. मी पहिलाच नियम वापरतो. तो रुक्ष आहे, पण त्यात वाद घालायला जागा उरत नाही. वेट वेट वेटचं एक गाणं १९९४ मध्ये तब्बल १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, पण त्यांची कारकीर्द ऐंशीच्या दशकातली. तेही बाहेर.

गटातून फुटून एकट्याने गायला लागलेल्यांचं काय? रॉबी विल्यम्स १९९५ मध्ये टेक दॅटमधून बाहेर पडला आणि १९९६ पासून स्वतःच्या नावाने गाऊ लागला. जेरी हॅलिवेलने मे १९९८ मध्ये स्पाइस गर्ल्स सोडला आणि १९९९ मध्ये एकटीने दोन नंबर वन दिले. यांना नवं मानायचं की नाही हे तुम्ही ठरवा. एक मात्र कटाक्षाने पाळा: एकट्याचं यश गटाच्या खात्यात टाकायचं नाही आणि गटाचं एकट्याच्या. मी त्यांना स्वतंत्र ओळ देतो आणि नावापुढे खूण करतो, म्हणजे वाचणाऱ्याला हवं तर वगळता येतं.

चौथा नियम ‘पॉप’चा. इथे मी सैल आहे. चार्टात आलं ते पॉप, मग गिटार असो वा नाच. ओएसिसला ‘तो तर रॉक बँड’ म्हणून वगळलं, तर त्या दशकात ब्रिटनने सर्वांत जास्त विकत घेतलेला अल्बमच यादीबाहेर राहतो. अशी यादी कोणाच्या कामाची?

उमेदवार आणि आकडे

सुरुवातीची यादी मोठी ठेवा. दशकात किमान दोन टॉप टेन सिंगल्स किंवा एक प्लॅटिनम अल्बम, एवढी अट पुरे. डोक्यातून नावं लिहू नका. दर वर्षाच्या साप्ताहिक चार्टातल्या पहिल्या दहा ओळी चाळा. आठवणीतून केलेल्या यादीत आज रेडिओवर वाजणारेच येतात, आणि त्या काळी धो धो विकले गेलेले पण आता विसरलेले गळतात.

सिंगल्स आणि अल्बमसाठी ऑफिशियल चार्ट्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक कलाकाराचं पान आहे. त्यावर गाण्याचं सर्वोच्च स्थान, चार्टातले आठवडे, तारखा, सगळं मिळतं. गोल्ड-प्लॅटिनमसाठी ब्रिटिश फोनोग्राफिक इंडस्ट्री, म्हणजे बीपीआय, या संघटनेचा शोध-तक्ता वापरा. अल्बमसाठी ६०,००० ला सिल्व्हर, एक लाखाला गोल्ड, तीन लाखांना प्लॅटिनम, असे टप्पे आहेत.

(आपल्याकडच्या इंडीपॉपची अशीच यादी का करत नाही, असं कोणी विचारेल. करायला हवी, पण अलिशा चिनॉय, लकी अली, युफोरिया यांच्या त्या वर्षांचा तपासलेला साप्ताहिक विक्रीचार्ट आपल्याकडे नव्हता. वाहिन्यांचे काउंटडाउन होते, पण ते विक्रीचे आकडे नव्हेत.)

एक्सेलमध्ये एका गाण्याला एक ओळ. माझ्या शीटमधली एक ओळ अशी दिसते: स्पाइस गर्ल्स, स्टॉप, मार्च १९९८, सर्वोच्च स्थान २, नंबर वनचे आठवडे ०, गुण ९ (गुण कसे द्यायचे ते पुढे येतं). एका सिंगलवर दोन गाणी मुख्य म्हणून असतील (त्या काळी हे सर्रास चालायचं) तर ती एकच ओळ. नाहीतर एकाच विक्रीचे दोनदा गुण लागतात.

तो चार्ट नेमकं काय मोजत होता?

ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून जरा थांबतो. नव्वदच्या दशकातला ब्रिटिश सिंगल्स चार्ट फक्त दुकानातली विक्री मोजायचा: सीडी, कॅसेट, विनाइल. रेडिओवर गाणं कितीही वाजो, चार्टात त्याला शून्य किंमत. डाउनलोड मोजायला २००५ उजाडलं आणि स्ट्रीमिंगला २०१४.

मग कंपन्यांनी काय केलं? गाणं बाजारात येण्याआधी काही आठवडे रेडिओवर वाजवायचं, लोकांना तहानलेलं ठेवायचं, आणि पहिल्या आठवड्यात सिंगल स्वस्तात सोडायचं. जोडीला एकाच गाण्याच्या दोन वेगवेगळ्या सीडी, म्हणजे कट्टर चाहता दोन्ही घेणार. परिणाम असा की दशक जसं पुढे सरकलं तशी गाणी थेट वर उडी मारून दुसऱ्या आठवड्यात घसरायला लागली. १९९२ मध्ये वर्षभरात जेमतेम डझनभर गाणी पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती. २००० मध्ये ती संख्या चाळीसच्या वर गेली.

म्हणजे १९९२ चं नंबर वन आणि १९९९ चं नंबर वन एका मापाचं नाही. बीविच्डची पहिली चारही सिंगल्स १९९८-९९ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेली, पण चारही गाण्यांचे मिळून आठवडे सहाच. याउलट ऑल सेंट्सचं ‘नेव्हर एव्हर’ नोव्हेंबर १९९७ मध्ये चार्टात आलं, दोन महिन्यांनी जानेवारी १९९८ मध्ये वर पोहोचलं, तिथे एकच आठवडा टिकलं, आणि विकलं गेलं दहा लाखांहून जास्त. नुसते नंबर वनचे आठवडे मोजले तर या गाण्याच्या पदरात एक.

चार्ट कधी आणि कशाने फुगतो हे माहीत असलं की कोणत्या आकड्यावर किती भर द्यायचा हे कळतं. माझा ठोकताळा: १९९५ नंतरच्या एका आठवड्याच्या नंबर वनला मी फारसं महत्त्व देत नाही, विक्रीचा आकडा सोबत असल्याशिवाय.

गुण द्या, मग त्यांच्यावर संशय घ्या

एक साधी पद्धत घेऊ. सर्वोच्च स्थान १ असेल तर १० गुण, २ असेल तर ९, असं उतरत १० व्या स्थानाला १ गुण. त्याखाली शून्य. नंबर वनवर पहिल्यानंतरच्या प्रत्येक आठवड्याला एक गुण जादा.

आता रॉबसन अँड जेरोम घ्या. टीव्ही मालिकेतले दोन नट. मालिकेत त्यांनी गाणं गायलं, लोकांनी दुकानांत विचारणा केली, रेकॉर्ड कंपनीतल्या सायमन कॉवेलने त्यांना स्टुडिओत आणलं. १९९५-९६ मध्ये तीन सिंगल्स आली, तिन्ही नंबर वन: सात, चार आणि दोन आठवडे. एकूण १३. मग दोघांनी गाणं थांबवलं. त्यांच्या पहिल्या गाण्याने पल्पचं ‘कॉमन पीपल’ दुसऱ्या क्रमांकावर अडवलं आणि दुसऱ्या सिंगलने ओएसिसचं ‘वंडरवॉल’. ब्रिटपॉपचे, म्हणजे पल्प-ओएसिससारख्या गिटार बँडांच्या त्या लाटेचे, चाहते आजही या जोडीचं नाव काढलं की दात-ओठ खातात.

ओएसिसची दशकात चार गाणी नंबर वन झाली, प्रत्येकी एकच आठवडा. म्हणजे नंबर वनच्या आठवड्यांवर यादी लावली तर रॉबसन अँड जेरोम १३, ओएसिस ४. नटांची जोडी तिपटीहून पुढे!

वरच्या पद्धतीने गुण मांडा. रॉबसन अँड जेरोम: १०+६, १०+३, १०+१, म्हणजे ४०. ओएसिस: चार नंबर वनचे ४०, तीन गाणी दुसऱ्या क्रमांकावर म्हणून २७, मग ‘व्हॉटेव्हर’ तिसऱ्यावर ८, ‘सिगारेट्स अँड अल्कोहोल’ सातव्यावर ४, ‘लिव्ह फॉरएव्हर’ दहाव्यावर १. एकूण ८०. चित्र उलटलं. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला झटका मोजतो, दुसरा सातत्य.

स्पाइस गर्ल्स आणि टेक दॅट यांचा पेचही असाच उकलतो. आठ नंबर वनचे ८० आणि जादा आठवड्यांचे १३, म्हणजे दोघांचे ९३-९३. स्पाइस गर्ल्सकडे आणखी एकच सिंगल उरतं, ‘स्टॉप’, दुसऱ्या क्रमांकावर. एकूण १०२. टेक दॅटकडे मात्र वर चढतानाची बरीच गाणी आहेत: एक दुसऱ्या, दोन तिसऱ्या, दोन सातव्या क्रमांकावर. ३३ गुण जादा, एकूण १२६.

टेक दॅट जिंकले? थांबा. त्यांनी दशकात १७ सिंगल्स काढली, स्पाइस गर्ल्सनी नऊ. टेक दॅटचं पहिलं सिंगल १९९१ मध्ये ८२ व्या क्रमांकावर आपटलं होतं. त्यांना वर यायला दोन वर्षं लागली. दर सिंगलमागे सरासरी काढली तर टेक दॅट सुमारे ७.४, स्पाइस गर्ल्स ११.३. एकूण गुण जास्त काम करणाऱ्याला झुकतं माप देतात, सरासरी लवकर थांबणाऱ्याला. मी एकूण गुण धरतो आणि सरासरी शेजारच्या कॉलममध्ये ठेवतो, कारण ‘यशस्वी’ म्हणताना टिकून राहणं मला मोजावंसं वाटतं. तुम्हाला उलटं वाटत असेल तर तसं करा, फक्त आकडे बघायच्या आधी ठरवा.

अल्बमशिवाय यादी लंगडी

सिंगल काही पौंडांत मिळायचं, अल्बमला त्याच्या कित्येक पट पैसे मोजावे लागायचे. लोकांनी कोणासाठी खिशात हात घातला हे अल्बममधून जास्त कळतं. ओएसिसचा १९९५ मधला दुसरा अल्बम हा दशकातला ब्रिटनमधला सर्वाधिक खपलेला. १९९७ चा ‘बी हिअर नाऊ’ गुरुवारी बाजारात आला, म्हणजे चार्टच्या आठवड्यातले तीनच दिवस हातात, तरी तेवढ्यात जवळपास सात लाख प्रती गेल्या. स्पाइस गर्ल्सचा १९९६ चा पहिला अल्बम दहापट प्लॅटिनम, म्हणजे तीस लाख. टेक दॅटचे अल्बम चांगले चालले, पण या पातळीवर नाहीत. त्यांचं बळ सिंगल्समध्ये होतं.

इथे एक खाच आहे. बीपीआयचे पुरस्कार पूर्वी दुकानांना पाठवलेल्या मालावर आणि कंपनीने अर्ज केला तर मिळायचे. जुलै २०१३ पासून ते विक्रीवरून आपोआप मिळू लागले आणि पुढे स्ट्रीमिंगही धरलं गेलं. म्हणून आज एखाद्या जुन्या अल्बमपुढे दिसणारं प्लॅटिनम नव्वदच्या दशकातलं असेलच असं नाही. पुरस्काराची तारीख पाहा. दशकानंतरची असेल तर तो आकडा तुमच्या शीटमध्ये येत नाही.

‘जगभर इतके कोटी रेकॉर्ड विकले’ असले आकडे सरळ सोडून द्या. ते प्रसिद्धीपत्रकांतून येतात, त्यांत सिंगल-अल्बम एकत्र कालवलेले असतात, आणि ते तपासायला जागा नाही.

बरोबरी झाली तर

सिंगल्सच्या गुणांत टेक दॅट १, स्पाइस गर्ल्स २, ओएसिस ३. अल्बममध्ये ओएसिस १, स्पाइस गर्ल्स २, टेक दॅट ३. दोन्ही क्रमांकांची बेरीज करा: तिघांचीही चार! क्रमांकांची बेरीज करून यादी लावणाऱ्यांना ही तिहेरी बरोबरी हमखास अडवते, कारण क्रमांक अंतर गिळतात. अल्बममध्ये दुसरी आणि तिसरी यांच्यातली दरी किती रुंद आहे ते बेरजेत दिसतच नाही.

म्हणून बरोबरी फोडायचा नियमही आधीच लिहून ठेवा. माझा असा: दशकातलं सर्वाधिक खपलेलं एकच सिंगल कोणाचं? इथे ‘वॉनाबी’ पुढे आहे. जुलै १९९६ मध्ये आलेलं हे पहिलंच सिंगल सात आठवडे नंबर वन राहिलं आणि त्याची विक्री दहा लाखांच्या बरीच वर गेली. त्यामुळे पहिल्या स्थानी स्पाइस गर्ल्स. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी मी अल्बमकडे वळतो आणि ओएसिसला वर ठेवतो. १९९६ च्या ऑगस्टमध्ये नेबवर्थला दोन रात्रींत अडीच लाख लोक त्यांना ऐकायला आले होते हे माझ्या गुणांत नाही, पण निकाल वेडावाकडा नाही याची खात्री त्यावरून पटते. टेक दॅट तिसरे. चौथ्यासाठी सहा नंबर वनवाले बॉयझोन आणि रॉबी विल्यम्स यांच्यात झुंज लागते. तिथे तुमचा ‘नवा कोण’चा नियम निकाल देतो.

अमेरिकेतलं यश मधे आणायचा मोह होतो. ‘वॉनाबी’ तिथेही चार आठवडे नंबर वन होतं, टेक दॅटचं सर्वांत मोठं गाणं सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. पण पहिल्या नियमात ब्रिटन लिहिलं असेल तर हे आकडे बाहेर. निकाल आवडला नाही म्हणून पंच बदलायचा नाही.

एका गाण्याचे धनी

जानेवारी १९९७ मध्ये व्हाइट टाउन या नावाने आलेलं एक गाणं आठवडाभर नंबर वन होतं. गट कसला, एकटा माणूस: राउरकेलात जन्मलेला ज्योती मिश्रा, आणि ध्वनिमुद्रण डर्बीत घरच्या घरी. फेब्रुवारी १९९८ मध्ये कॉर्नरशॉप या बँडचं गाणं आठवडाभर वर गेलं. तजिंदर सिंगने ते लिहिलं आहे आशा भोसले यांच्यावर, सांगलीत जन्मलेल्या आपल्या आशाताईंवर. ते १९९७ मध्ये पहिल्यांदा आलं तेव्हा साठाव्या क्रमांकापर्यंतच पोहोचलं होतं. डीजे नॉर्मन कुकने रीमिक्स केल्यावर वर उसळलं. गुण कोणाला? ज्याच्या नावाने चार्टात आहे त्याला, म्हणजे कॉर्नरशॉपला. रीमिक्स करणाऱ्याला नाही.

वरच्या पद्धतीत या गाण्याला १० गुण आणि दुसऱ्या क्रमांकावर अडकलेल्या ‘वंडरवॉल’ला ९. हे हास्यास्पद आहे, आणि सर्वोच्च स्थानावर गुण देणाऱ्या कुठल्याही पद्धतीत राहणारच. उपाय म्हणजे टॉप टेनमधल्या प्रत्येक आठवड्याला गुण देणं. काम पाचपट वाढतं, यादी बरीच शहाणी होते. वेळ असेल तर तेच करा.

पुढच्या दशकांना ही शीट जशीच्या तशी लावू नका. २०१० च्या दशकासाठी तर नकोच. मार्च २०१७ मध्ये एड शीरनचा अल्बम आला आणि लोक तो मोबाइलवर ऐकत सुटल्याने टॉप २० पैकी १६ जागांवर त्याचीच गाणी बसली. त्याच वर्षी चार्टवाल्यांनी एका कलाकाराची जास्तीत जास्त तीन गाणी असा नियम केला. त्यामुळे त्या वर्षाच्या जुलैआधीचे आणि नंतरचे गुण वेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि बेरीज करताना अल्बमबरोबर एकदम उसळलेली गाणी खूण करून बाजूला काढा.